शाळेचा निरोप : वि. स. खांडेकर आणि शिरोडे (१९२० ते १९३८)

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस :

• वि. स. खांडेकर यांच्या जीवनातील शिरोडे-पर्वाची रूपरेषा सांगता येईल;
• ग्रामीण शाळेतील अध्यापन आणि त्यांचे लेखन यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल;
• १९३८ साली मुख्याध्यापकपद सोडण्याच्या निर्णयामागील ताण समजून घेता येईल;
• लेखकाच्या चरित्राकडे साहित्याच्या अभ्यासक म्हणून कसे पाहावे, याचा विचार करता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी बरेच जण नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून ही पदवी घेत आहेत. कोणी गोंदिया जिल्ह्यातील कामठ्यासारख्या गावी, धानाच्या बांध्यांची कामे आटोपल्यावर, रात्री ही पुस्तिका उघडत असेल. कोणी स्वतः शिक्षक असेल आणि सेवानिवृत्तीचे वर्ष जवळ आले असेल. ज्या कामात उमेदीची वर्षे गेली ते सोडताना मनाची काय अवस्था होते, हे अशा वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या घटकात आपण अशाच एका निरोपाचा विचार करणार आहोत. कामठा महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला आहे. आपल्या कथेतील गाव, शिरोडे, अगदी पश्चिम टोकाला, वेंगुर्ले तालुक्यात अरबी समुद्राच्या काठी आहे. तेथील शाळेत वि. स. खांडेकर यांनी अठरा वर्षे शिकवले. प्रथम शिक्षक म्हणून आणि पुढे मुख्याध्यापक म्हणून. १९३८ साली त्यांनी ती शाळा सोडली आणि ते कोल्हापूरला गेले. ज्ञानपीठ पुरस्कार मिळवणारे पहिले मराठी साहित्यिक म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्या कीर्तीच्या उजेडात शिरोड्याची वर्षे अनेकदा नुसत्या पूर्वतयारीसारखी दिसतात. ती तशी होती काय, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

२. शिरोड्याला येण्यापूर्वी

खांडेकरांचा जन्म ११ जानेवारी १८९८ रोजी सांगली येथे झाला. त्यांचे मूळ नाव गणेश आत्माराम खांडेकर. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. १९१३ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. पुण्यात त्यांना राम गणेश गडकरी यांचा सहवास लाभला. वाङ्मयाची ओढ आधीपासून होतीच. त्या सहवासाने तिला दिशा मिळाली.

याच काळात ते सावंतवाडीजवळील नानेली येथील चुलत्यांना दत्तक गेले आणि गणेश आत्माराम हे विष्णु सखाराम झाले. दत्तक गेल्याने शिक्षणाची वाट सोपी होईल, अशी कोणाचीही समजूत होणे साहजिक होते. प्रत्यक्षात तसे घडले नाही. आर्थिक अडचणी आणि नाजूक प्रकृती यांमुळे महाविद्यालयीन शिक्षण अपुरे राहिले. दृष्टी तर आरंभापासूनच अधू होती. पदवी नाही, प्रकृतीची खात्री नाही आणि पुण्यासारखे विद्येचे केंद्र सुटलेले, अशा स्थितीत हा तरुण कोकणात राहिला.

आपण स्वतः पदवीचे शिक्षण उशिरा पूर्ण करीत असाल, तर हा तपशील आपल्याला जवळचा वाटेल. पदवी न मिळालेला हा विद्यार्थी पुढे पदवी परीक्षांच्या अभ्यासक्रमात नेमला जाणारा लेखक झाला. पण त्या वेळी हे कोणाला दिसत नव्हते. १९२० साली दिसत होती ती एका खेड्यातील शाळेतील शिक्षकाची जागा. वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यांनी ती स्वीकारली.

३. गाव आणि शाळा

त्या काळी कोकणात रेल्वे नव्हती. मुंबईकडून येणारा प्रवासी आगबोटीने वेंगुर्ल्यास उतरे; कोल्हापूरकडे जायचे तर आंबोलीचा घाट चढावा लागे. शिरोड्याला माडांची बने, काजूच्या टेकड्या आणि मिठागरे होती. मिठागरात समुद्राचे पाणी बांध घातलेल्या चौकोनी वाफ्यांत अडवून उन्हात आटवतात. पूर्व विदर्भातील वाचकाने धानाची बांधी डोळ्यांसमोर आणावी. फरक इतकाच की, तेथे पाण्यातून पीक उभे राहते आणि येथे पाणी नाहीसे झाल्यावर मीठ हाती लागते. या मिठागरांवर मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला आणि शिरोड्याचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले.

अशा गावात इंग्रजी शाळा असणे ही त्या वेळी मोठी गोष्ट होती. प्राथमिक मराठी शाळेनंतर इंग्रजी पहिलीपासून सातवीपर्यंत, म्हणजे मॅट्रिकपर्यंत, शिक्षण देणाऱ्या शाळा मुख्यतः शहरांत होत्या. मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घेई. खेड्यातील खाजगी शाळा विद्यार्थ्यांची फी, गावकऱ्यांच्या देणग्या आणि तपासणीनंतर मिळणारे सरकारी अनुदान यांवर तग धरून असे. फी देणारे पालक थोडे आणि गरीब. त्यामुळे शिक्षकाला वर्गातील शिकवणे हे आपल्या कामाचा एक भाग समजावे लागे. विद्यार्थी मिळवणे, ते टिकवणे, गावाचा विश्वास सांभाळणे आणि पगार वेळेवर होईल की नाही या विवंचनेत दिवस काढणे, हेही त्याच कामात येई.

खांडेकरांनी ही शाळा मनापासून आपली मानली. पुढे ते तिचे मुख्याध्यापक झाले. गावच्या मुलांना मॅट्रिकचा दरवाजा उघडून देणे याचा अर्थ काय होतो, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. अर्धवट सुटलेल्या शिक्षणाची सल ज्याच्या मनात असते, तो दुसऱ्याचे शिक्षण सुटताना पाहून स्वस्थ बसू शकत नाही.

४. शिक्षकातून घडलेला लेखक

खांडेकरांचे बहुतेक आरंभीचे लेखन शिरोड्यात झाले. सावंतवाडीहून निघणाऱ्या ‘वैनतेय’ साप्ताहिकातून त्यांनी सातत्याने लेखन केले. विनोद आणि टीका या क्षेत्रांत त्यांनी श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना गुरुस्थानी मानले. कोल्हटकरांचे वास्तव्य वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव (जामोद) येथे होते, हे विदर्भातील अभ्यासकांनी लक्षात ठेवावे. एक गुरू वऱ्हाडात आणि शिष्य दक्षिण कोकणात, दोघेही पुण्या-मुंबईपासून दूर. मराठी वाङ्मयाचा इतिहास केवळ दोन शहरांत घडला नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

१९२८ साली त्यांचे ‘रंकाचे राज्य’ हे नाटक आले. १९२९ मध्ये त्यांचा विवाह झाला. १९३० मध्ये ‘हृदयाची हाक’ ही पहिली कादंबरी आणि १९३१ मध्ये ‘कांचनमृग’ प्रसिद्ध झाली. १९३४ मध्ये ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ या कादंबऱ्यांनी त्यांचे स्थान पक्के केले. याच वर्षांत कथा, लघुनिबंध आणि रूपककथा यांचाही ओघ सुरू होता. मराठीतील रूपककथेला त्यांनी जे रूप दिले, ते आजही त्यांच्या नावाशी जोडलेले आहे.

हे सर्व लेखन शाळेच्या वेळापत्रकाबाहेर झाले, हे विसरू नये. दिवसाचा उत्तम भाग वर्गात जात असे. वह्या तपासून झाल्यावर, अधू डोळ्यांनी, विजेशिवायच्या खेड्यात लिहिणे किती कष्टाचे असेल, याची कल्पना रात्री अभ्यास करणाऱ्या आपणांस सहज येईल.

तथापि, शाळेने लेखनाचा वेळ घेतला, एवढेच म्हणणे अपुरे ठरेल. कारण लेखनाला लागणारा ऐवजही शाळेनेच दिला. गरीब घरातील हुशार मुलगा, शिक्षण थांबलेली मुलगी, ध्येय आणि पोट यांच्या ओढाताणीत सापडलेला सुशिक्षित तरुण ही माणसे त्यांच्या कथा-कादंबऱ्यांत पुन्हा पुन्हा येतात. अशी माणसे शिक्षकाला शोधायला जावे लागत नाही. ती रोज सकाळी त्याच्यासमोर बाकावर येऊन बसतात. त्यांच्या शैलीतही शिक्षक दिसतो. एखादा विचार दृष्टान्ताने उलगडणे, सुभाषितवजा वाक्याने तो मनावर ठसवणे आणि वाचकाच्या चांगुलपणावर विश्वास ठेवणे ही त्यांची लकब वर्गात घडलेली आहे. समीक्षकांनी या शैलीवर अलंकारिकतेचा आणि बोधपरतेचा आक्षेप घेतला. तो आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. आणि त्याचेही मूळ त्याच वर्गात आहे.

आपली प्रगती तपासा : १
खांडेकरांच्या लेखनशैलीतील कोणती वैशिष्ट्ये त्यांच्या अध्यापनाशी जोडता येतील? पाच-सहा वाक्यांत लिहा.

५. दुसरी वाट

१९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आला आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपटाची सुरुवात झाली. पडद्यावरील माणसे बोलू लागताच चित्रपटाला लेखकाची गरज भासू लागली. कोल्हापूर हे तर मूकपटांच्या काळापासून चित्रपटनिर्मितीचे केंद्र होते. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी तेथे ‘हंस पिक्चर्स’ ही संस्था काढली आणि आपल्या पहिल्या चित्रपटासाठी त्यांनी शिरोड्याच्या या शिक्षकाची कथा घेतली. ‘छाया’ हा तो चित्रपट १९३६ साली प्रदर्शित झाला. गरिबीने उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबाची ही शोकांत कथा होती. उत्कृष्ट कथेसाठी तिला गोहर सुवर्णपदक मिळाले.

याच संस्थेसाठी लिहिणारे दुसरे मोठे लेखक म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे. तेही पुण्यात मुख्याध्यापक होते. दोन मुख्याध्यापकांनी एकाच चित्रसंस्थेसाठी लिहावे, हा नुसता योगायोग नव्हता. लेखनावर पोट भरता येत नसल्यामुळे मराठी लेखक बहुधा शिक्षकी पेशात असे. लेखकाला त्याच्या लेखणीचा पुरेसा मोबदला देऊ शकणारे पहिले मोठे क्षेत्र म्हणून बोलपट पुढे आला. त्यामुळे लेखणी की शाळा, हा प्रश्न त्या पिढीपुढे प्रथमच खऱ्या अर्थाने उभा राहिला.

६. १९३८ : निर्णयाचा ताण

१९३८ साली खांडेकरांनी चाळिशी गाठली होती. आता त्यांच्यापुढील पारडी आपण नीट पाहू.

एका पारड्यात कोल्हापूर होते. तेथे लेखनाला वेळ होता, बऱ्यापैकी मिळकतीची आशा होती, समानधर्मी माणसांचा सहवास होता. वाढता संसार आणि साथ न देणारी प्रकृती यांचा विचार करता हे पारडे हलके नव्हते.

दुसऱ्या पारड्यात अठरा वर्षे होती. १९२० मध्ये इंग्रजी पहिलीत बसलेली मुले आता प्रपंचाला लागली होती. शहरातील शाळेचा मुख्याध्यापक गेला तर जाहिरात निघते आणि दुसरा येतो. खेड्यातील शाळेचे तसे नसते. अनेक पालक शाळेच्या नावापेक्षा शिक्षकाच्या नावावर मूल पाठवतात. त्याने जायचे ठरवले की शाळेचा एक आधारच हलतो.

यात आणखी एक अवघड गाठ होती आणि साहित्याच्या अभ्यासकाने ती टाळू नये. खांडेकर हे ध्येयवादाचे लेखक. कला जीवनासाठी असते, या भूमिकेचे ते मराठीतील प्रमुख प्रतिनिधी, ना. सी. फडके यांची कलेसाठी कला ही भूमिका त्यांच्या विरुद्ध टोकाला. त्यागाचे, सेवेचे, दलित-दरिद्री माणसाविषयीच्या करुणेचे मोल त्यांनी आपल्या पुस्तकांतून सांगितले. असा लेखक गरीब मुलांची शाळा सोडून चित्रपटसृष्टीकडे निघाला, तर त्याच्या शब्दांना उणेपणा येतो काय? त्यांचीच पुस्तके वाचणारा वाचक हा प्रश्न विचारू शकत होता. कोणताही प्रामाणिक लेखक तो आधी स्वतःला विचारील.

या प्रश्नाचे सोपे उत्तर नाही. त्यांनी गावात राहून लेखन आवरते घेतले असते, तरी काहीतरी गमावलेच असते. शाळेत राहून मनाने मात्र कोल्हापुरात असणे, हा विद्यार्थ्यांवर अधिक मोठा अन्याय झाला असता. मुख्याध्यापकाचे अर्धे लक्ष हे शाळेला परवडणारे नसते. निष्ठेची कसोटी केवळ राहणे किंवा जाणे यावर होत नाही. जाणारा माणूस मागे काय ठेवतो आणि सोबत काय नेतो, यावर ती होते.

७. सुपूर्द करण्याचे काम

आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांना शाळेतील अखेरचे आठवडे कसे असतात हे माहीत आहे. हजेरीपट, दाखल्यांची नोंदवही, फीचा हिशोब, कपाटांच्या किल्ल्या, अनुदानाचा पत्रव्यवहार हे सारे मोजून, सह्या करून दुसऱ्याच्या हाती द्यायचे असते. हे काम काही दिवसांत संपते. ज्याची यादी करता येत नाही असेही बरेच काही द्यायचे असते. कोणत्या मुलाची फी थांबली तर घरी निरोप न पाठवता थोडे थांबावे, कोणाला वरच्या आवाजात बोललेले सोसत नाही, गावातील कोणते दोन गट एकाच बैठकीला बोलवू नयेत, हे ज्ञान कोणत्याही नोंदवहीत नसते. ते माणसाबरोबर जाते, किंवा त्याने आधीपासून सहकाऱ्यांत पेरले असेल तर मागे राहते.

खांडेकरांच्या निरोपाकडे या दृष्टीने पाहावे. अठरा वर्षे हा एका व्यक्तीच्या मर्जीवर शाळा चालण्याचा काळ नव्हे. तेवढ्या काळात शाळेला स्वतःच्या सवयी लागतात. ते गेले तरी शाळा बंद पडली नाही. अ. वि. बावडेकर विद्यालय या नावाने ती आजही शिरोड्यात उभी आहे आणि खांडेकरांची स्मृती तिने स्मारकरूपाने जपली आहे. शिक्षकाच्या कामाचे याहून खात्रीचे प्रमाणपत्र दुसरे कोणते असणार? ज्या शाळेला आपल्या जाण्याने धक्का बसतो पण जी कोसळत नाही, तिच्या मुख्याध्यापकाने आपले काम नीट केलेले असते.

आपली प्रगती तपासा : २
(अ) शिरोडे सोडण्याचा निर्णय खांडेकरांच्या ध्येयवादी भूमिकेशी विसंगत होता, असे आपणांस वाटते काय? दोन्ही बाजू मांडून स्वतःचे मत द्या.
(आ) आपल्या कामातील कोणते ज्ञान कागदावर सुपूर्द करता येणार नाही? एक परिच्छेद लिहा.

८. निरोपानंतर

शाळा सोडली आणि सर्व मनासारखे घडले, असे मात्र झाले नाही. ‘हंस पिक्चर्स’चा ‘ज्वाला’ हा खर्चिक चित्रपट १९३८ मध्येच आला आणि त्याला यश मिळाले नाही. पुढे ‘देवता’, ‘सुखाचा शोध’, ‘अमृत’ अशा चित्रपटांसाठी त्यांनी लेखन केले. तरी चित्रपट हा त्यांचा कायमचा मुक्काम ठरला नाही. पगाराची नोकरी सोडून ज्या आधाराकडे ते वळले, तो आधारही डळमळीतच होता.

पण मोकळा झालेला वेळ वाया गेला नाही. १९३८ मध्ये ‘हिरवा चाफा’ आणि ‘दोन मने’ या कादंबऱ्या आल्या. १९४२ मध्ये ‘क्रौंचवध’ आली. १९४१ साली सोलापूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. १९५९ मध्ये ‘ययाति’ प्रसिद्ध झाली. १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार, १९६८ मध्ये पद्मभूषण आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार हे पुढचे टप्पे आपणांस परिचित आहेत. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी पूर्ण गेली. तरी सांगून लिहवून घेत त्यांनी लेखन चालूच ठेवले. २ सप्टेंबर १९७६ रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले.

‘ययाति’ वाचताना एक गोष्ट लक्षात घ्या. उपभोगाला शेवट नाही आणि संयमाशिवाय सुख नाही, हा या कादंबरीचा गाभा आहे. ही शिकवण देणारा आवाज ऐकताना, समोर तरुण विद्यार्थी बसले आहेत आणि त्यांच्या आयुष्याची काळजी आपल्यावर आहे, असे मानणारा शिक्षक आपल्याला जाणवतो. शाळा सोडून एकवीस वर्षे झाली होती. शिकवणे सुटले नव्हते. शिरोड्याच्या आठवणी त्यांच्या ‘एका पानाची कहाणी’ या आत्मकथनातही आहेत. ते त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने प्रकाशित झाले.

९. समारोप

सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाकडे आता वळू. शिरोड्याची अठरा वर्षे ही मोठ्या लेखकाची केवळ पूर्वतयारी होती काय? आपण पाहिलेल्या तपशिलांवरून याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. त्या वर्षांत दोन कामे शेजारी शेजारी चालली नव्हती. माणूस घडवण्याचे एकच काम दोन साधनांनी चालले होते. एक साधन १९३८ मध्ये त्यांनी खाली ठेवले, दुसरे अखेरपर्यंत हाती राहिले.

कामठ्याच्या शिवारात रोवणीच्या दिवसांत धानाचे रोप पऱ्ह्यातून उपटून बांधीत लावतात. उपटताना मुळांना थोडी इजा होतेच आणि रोप काही दिवस कोमेजलेले दिसते. पण पऱ्ह्यातच राहिले तर त्याला लोंबी धरत नाही, आणि पऱ्हाच नसता तर लावायला काही उरले नसते. खांडेकरांच्या निरोपाचा अर्थ असाच काहीसा आहे. त्यांना शिरोडे सोडावे लागले हे जितके खरे, तितकेच शिरोड्यावाचून ते घडले नसते हेही खरे. आपण स्वतः कोणत्याही कामाचा निरोप घ्याल, तेव्हा या दोन्ही गोष्टी एकत्र आठवाव्यात.

स्वाध्याय

१. शिरोडे-पर्वातील खांडेकरांच्या साहित्यनिर्मितीचा कालक्रमानुसार आढावा घ्या.
२. बोलपटाच्या आगमनामुळे मराठी लेखकाच्या आर्थिक स्थितीत कोणती नवी शक्यता निर्माण झाली, ते लिहा.
३. आपल्या गावातील शाळा सोडून गेलेल्या एखाद्या शिक्षकाविषयी, त्यांचे नाव न घेता, तीनशे शब्दांत लिहा. त्यांनी मागे काय ठेवले, यावर भर द्या.